ऐकून घेणारा माणूस

बेसबॉलचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, डगआउटमधून (खेळाडूंच्या बसायच्या जागेतून) तरातरा मैदानात येतो, अंपायरच्या नाकासमोर नाक नेऊन ओरडतो, टोपी आपटतो, बुटाने होम प्लेटवर (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीवर) माती लोटतो, आणि स्टेडियममधली हजारो माणसं उभी राहून त्याला टाळ्या देतात. अमेरिकेत आल्यावर टीव्हीवर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अवाक झाले होते. आता असं काही सुरू झालं की माझं लक्ष मॅनेजरकडे जातच नाही. मी अंपायरचे हात बघते. ते खाली आहेत का? बोट रोखलंय का? तो जागेवर उभा आहे की पुढे सरकलाय? त्याचा जोडीदार कुठून येतोय? पुढच्या मिनिटभरात काय होणार, ते बहुतेक वेळा एवढ्यावरूनच कळतं.

मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळायला लागला तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लीगला अंपायर कमी पडत होते. पालकांकडे विचारणा झाली, मी हो म्हटलं. मुलगा पुढे बेसबॉल सोडून पोहण्याकडे वळला, मी मात्र टिकले. दर वसंतात मुलांचे सामने सुरू होण्याआधी शाळेच्या जिममध्ये आमचं प्रशिक्षण असतं. उभं कुठे राहायचं, बॅटरच्या छातीपासून गुडघ्यापर्यंतचा स्ट्राइक झोन डोळ्यांत कसा बसवायचा, मास्क डाव्या हाताने का काढायचा (उजवा हात खुणेसाठी मोकळा हवा म्हणून), हे सगळं तिथे शिकवतात. पण जिममध्ये एकदम शांतता पसरते ती शेवटच्या भागाला. चिडलेला कोच तुमच्याकडे चालत येतोय. आता काय?

पहिली गोष्ट, त्याच्या दिशेने जायचं नाही. तो येईल, आपण उभं राहायचं. हाताची घडी घालायची नाही, कमरेवर हात ठेवायचे नाहीत, बोट तर मुळीच रोखायचं नाही. त्याचं पहिलं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मग प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि शेरा सोडून द्यायचा. 'तुम्हाला काय दिसलं?' हा प्रश्न आहे, त्याला थोडक्यात उत्तर आहे: 'टॅग आधी लागला, पाय नंतर पडला' (टॅग म्हणजे हातात धरलेला चेंडू रनरला लावणं). 'इतका भिकार निर्णय मी जन्मात पाहिला नाही' हा शेरा आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. चढती पायरीही ठरलेली असते. आधी दुर्लक्ष, मग दखल, मग ताकीद, आणि शेवटी हकालपट्टी. निर्णयाला नावं ठेवलीत तर बराच वेळ चालून जातं. निर्णयावरून घसरून माणसावर आलात, त्याच्या प्रामाणिकपणावर आलात, की मधल्या पायऱ्या गळून पडतात.

हे ऐकताना मला सारखं क्रिकेट आठवत होतं. आपल्याकडे अंपायरला नुसती बॅट दाखवली तरी बोभाटा होतो. १९८१ साली मेलबर्नला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर गावसकर चेतन चौहानना सोबत घेऊन निघाले होते, आणि सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनी चौहानना थांबवलं म्हणून तो सामना झाला आणि भारताने जिंकला. अजूनही त्या प्रसंगाबद्दल घराघरांत हलक्या आवाजात बोलतात. २०१९ च्या आयपीएलमध्ये जयपूरला नो-बॉलवरून धोनी थेट मैदानात चालत आला. त्याच्यासमोर होते आपल्या विदर्भाचे उल्हास गंधे. धोनीला मानधनाच्या निम्मा दंड झाला, आणि ती बातमी कितीतरी दिवस चघळली गेली. बेसबॉलमध्ये तेच दृश्य दीडशे वर्षांच्या खेळाचा भाग आहे. मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो आणि गरज पडली की मैदानात येतो.

नियम मात्र कागदावर फार कडक आहे. सेफ की आउट, फेअर की फाउल, बॉल की स्ट्राइक (टाकलेला चेंडू झोनबाहेर की झोनमध्ये) हे अंपायरच्या नजरेचे निर्णय अंतिम आहेत, त्यांवर कोणीही हरकत घ्यायची नाही, असं नियम ८.०२ सांगतो. बॉल-स्ट्राइकवरून वाद घालायला कोणी जागा सोडून निघाला तर आधी ताकीद, तरी पुढे आला तर बाहेर. नियमच चुकीचा लावला गेला अशी रास्त शंका असेल, तर मात्र मॅनेजरला विचारायचा हक्क आहे. आता कागदावर हरकत घ्यायचीच नाही असं असताना प्रत्यक्षात एवढा आरडाओरडा चालतो कसा? चालतो, कारण अंपायर तो चालू देतात. किती चालू द्यायचा, कुठे थांबवायचा, हे कुठल्याही कलमात नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि मला या सगळ्या खेळात याहून अवघड काम दिसत नाही.

मॅनेजर लोकही कमी नसतात. स्ट्राइक झोनबद्दल तक्रार करायला प्लेटकडे जाता येत नाही, म्हणून मॅनेजर पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, बोलायच्या निमित्ताने माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जातो आणि तिथेच रेंगाळतो. बैठक लांबली की ती मोडायला प्लेटच्या अंपायरला माउंडपर्यंत चालत यावं लागतं, आणि नेमकं तेच मॅनेजरला हवं असतं. तोंडापुढे हात धरून, नजर जमिनीकडे ठेवून तो आपलं म्हणणं मांडून घेतो. उलट बाजूने अंपायरकडे ब्रश असतो. प्लेट स्वच्छ असली तरी तो पुढे येतो, मैदानाकडे पाठ करतो, वाकून प्लेट झाडतो आणि झाडता झाडता कॅचरला (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याला) हळूच सांगतो, 'तुमच्या बाकावरचा आवाज मला ऐकू येतोय, त्यांना सांग आता पुरे.' स्टँडमधल्या कोणाला कळतही नाही. चारचौघांत अपमान न करता दिलेली ही ताकीद मला फार मोलाची वाटते. आपल्या घरांत मोठी माणसं पाहुण्यांसमोर मुलांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची, तसंच हे.

बॉबी कॉक्स या मॅनेजरला नियमित हंगामाच्या सामन्यांत १५८ वेळा बाहेर काढलं गेलं, हा विक्रम आहे. जॉन मॅकग्रॉचा जुना विक्रम त्याने २००७ च्या ऑगस्टमध्ये मोडला. आकडा वाचून वाटतं, हा किती भांडकुदळ माणूस असेल. पण कॉक्सच्या भांडणांच्या चित्रफिती ओळीने बघितल्या तर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. खेळाडू चिडून अंपायरकडे वळलेला असतो, आणि हा जाडजूड म्हातारा धापा टाकत येऊन दोघांच्या मध्ये उभा राहतो. खेळाडू बाहेर गेला तर संघाचं नुकसान. मॅनेजर बाहेर गेला तर फक्त त्याची जागा दुसरा कोच घेतो. म्हणून तो स्वतःला बाहेर काढवून घ्यायचा. अनुभवी अंपायरला हे कळतं. समोरचा माणूस आपल्यावर ओरडतोय, पण ऐकवतोय मागच्या पोराला, हे ओळखता आलं की आवाज अंगाला लागत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून समजलं.

अर्ल वीव्हरची गोष्ट वेगळी. बॉल्टिमोर ओरिओल्सचा हा मॅनेजर बुटका होता. अंपायरला टोपीचा कडक काठ लागला तर स्पर्श केल्याचा ठपका येईल, म्हणून तो टोपी उलटी फिरवून यायचा. म्हणजे चेहरा आणखी जवळ नेता येई. १७ सप्टेंबर १९८० ला पहिल्याच इनिंगमध्ये अंपायर बिल हॅलर यांनी माइक फ्लॅनगन या पिचरचा बॉक पकडला, म्हणजे चेंडू टाकण्याच्या हालचालीत रनरला फसवल्याचा दोष दिला. वीव्हर धावत आला. योगायोगाने हॅलरच्या अंगावर त्या दिवशी एका टीव्ही कार्यक्रमासाठी माइक लावलेला होता, त्यामुळे त्या भांडणाचा शब्दन् शब्द आज उपलब्ध आहे. लोक तो ऐकून पोट धरून हसतात. मला ते ऐकताना त्रास होतो. हॅलर अनुभवी, नावाजलेला अंपायर. वीव्हरला त्याने बाहेर काढलं इथपर्यंत ठीक होतं. पण नंतर तो थांबला नाही. तू खोटं बोलतोस, नाही तूच खोटारडा, तू मला बोट लावलंस, नाही लावलं, इतिहासात कोणाचं नाव राहील, असं तोडीस तोड चालू राहिलं. बॉक होता की नव्हता हा मुद्दा केव्हाच मागे पडला. वीव्हर १९९६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, ती गोष्ट निराळी. पण त्या दिवशी मैदानावर अंपायर उरलाच नव्हता, दोन मॅनेजर भांडत होते.

त्याच्याही कितीतरी आधी, १९०५ ते १९४१ एवढा काळ नॅशनल लीगमध्ये उभे राहिलेले बिल क्लेम यांची रीत प्रसिद्ध आहे. वाद वाढला की ते बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचे. रेघ ओलांडली की बाहेर. लक्ष्मणरेषाच. यात मला आवडतं ते हे की क्लेम समोरच्याचं तोंड बंद करत नसत. रेघेच्या पलीकडे उभं राहून त्याला हवं ते बोलता येत होतं.

पण वाद हाताळण्याचं मला सर्वांत मोठं वाटणारं उदाहरण २०१६ च्या २८ मेचं आहे. न्यूयॉर्क मेट्स विरुद्ध लॉस एंजलिस डॉजर्स. त्याआधीच्या ऑक्टोबरात, प्लेऑफमध्ये, डॉजर्सच्या चेस अटलीने दुसऱ्या बेसवर घसरताना मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला होता. तो राग मेट्सच्या मनात होता. तिसऱ्या इनिंगमध्ये नोआ सिंडरगार्डने अटलीच्या पाठीमागून तुफान वेगाचा चेंडू टाकला. प्लेटवरचे अंपायर अ‍ॅडम हमारी तुलनेने नवे होते. त्यांनी ताकीद न देता सिंडरगार्डला तिथल्या तिथे बाहेर काढलं. मेट्सचे मॅनेजर टेरी कॉलिन्स संतापाने लालबुंद होऊन धावत आले.

यानंतरचं बोलणं २०१८ मध्ये बाहेर आलं, कारण तिथल्या वरिष्ठ अंपायरच्या अंगावर माइक होता. टॉम हॅलियन त्यांचं नाव. हॅलियन आधी कॉलिन्स आणि हमारी यांच्या मध्ये आले आणि बोलता बोलता कॉलिन्सना तरुण अंपायरपासून दूर नेऊ लागले. कॉलिन्स शिव्यांवर शिव्या देत होते. हॅलियन त्यांना नावाने हाक मारत राहिले. 'टेरी, टेरी, ऐक.' निर्णय बदलेल असं एकदाही म्हणाले नाहीत. हमारी चुकले असंही म्हणाले नाहीत. चेंडू त्या पद्धतीने गेल्यावर काही केलं नसतं तर आम्हीच गोत्यात आलो असतो, एवढं मात्र मोकळेपणाने, त्याच रांगड्या भाषेत सांगितलं. कॉलिन्स बाहेर गेलेच. पण जाताना त्यांचा आवाज खाली आला होता. त्या ध्वनिफितीतल्या शिव्यांवर लोकांनी टी-शर्ट काढले, विनोद केले. मी ती ऐकते ती हॅलियनच्या स्वरासाठी. समोरच्याला खोटी आशा न दाखवता, आपल्या माणसाला उघडं न पाडता, ऐकून घेत त्याला दूर नेणं. एवढ्या तीन गोष्टी एका वेळी साधताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.

सगळ्या तक्रारी रागाच्याच नसतात. काही फार थंड डोक्याने केलेल्या असतात, आणि त्या जास्त जड जातात. २४ जुलै १९८३, यांकी स्टेडियम. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने गूस गॉसेजला होम रन मारला आणि संघाला ५-४ अशी आघाडी दिली. यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन शांतपणे बाहेर आला. ब्रेटच्या बॅटवर पकडीसाठी लावलेला चिकट पाइन टार मुठीकडून १८ इंचांच्या वर गेलाय, त्याने अंपायरला दाखवलं. हे त्याच्या लक्षात आधीच आलेलं होतं. तो योग्य वेळेची वाट बघत थांबला होता. मोजायला पट्टी नव्हती. होम प्लेट १७ इंच रुंद असते, म्हणून अंपायर टिम मॅकलेलंड यांनी बॅट प्लेटवर आडवी ठेवून मोजली आणि ब्रेटला आउट दिलं. ब्रेट डगआउटमधून असा उसळून आला की त्याला आवरायला माणसं लागली. बेसबॉलमध्ये पुन्हापुन्हा दाखवल्या जाणाऱ्या दृश्यांपैकी हे एक असावं.

कॅन्सस सिटीने रीतसर निषेध नोंदवला. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो मान्य केला. टार जास्त होता हे खरं, पण त्या नियमाचा हेतू एवढाच की बॅट मैदानाबाहेर काढावी. त्यावरून मारलेला होम रन रद्द करणं त्या हेतूत बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. होम रन कायम राहिला आणि सामना तिथूनच पुढे, १८ ऑगस्टला पुरा करायचं ठरलं.

आणि आता माझा आवडता भाग. १८ ऑगस्टला मैदानावर अंपायरांचा वेगळा चमू होता, प्रमुख डेव्ह फिलिप्स. बिली मार्टिनने खेळ सुरू होताच नवी हरकत काढली: ब्रेटने त्या दिवशी धावताना बेसला पाय लावलाच नव्हता. हे अंपायर त्या दिवशी इथे नव्हतेच, त्यांना काय माहीत? फिलिप्स यांनी खिशातून एक कागद काढला. जुलैच्या सामन्यातल्या अंपायरांनी सही करून, नोटरीसमोर दिलेलं ते प्रतिज्ञापत्र होतं. ब्रेटने सगळ्या बेसना पाय लावला होता. मार्टिनच्या हरकतीत दम उरला नाही. आवाज नाही, बोट नाही. मार्टिन काय करील याचा कोणीतरी आधीच शांतपणे विचार केला होता, आणि मुख्य म्हणजे त्याचा प्रश्न रास्त असू शकतो हे धरून उत्तर तयार ठेवलं होतं. कॅन्सस सिटीने सामना ५-४ जिंकला. २०२० पासून मेजर लीगमध्ये (व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर) असा निषेध नोंदवण्याची सोयच काढून टाकली आहे. मला ती राहायला हवी होती असं वाटतं. रागावलेल्या माणसाला 'लिहून द्या, वरचे बघतील' असं सांगता येणं ही मोठी सोय होती.

आता ज्याच्याबद्दल लिहिताना माझा गळा दाटतो तो प्रसंग. २ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गालारागा या पिचरने क्लीव्हलंडचे २६ बॅटर ओळीने आउट केले होते, एकही जण बेसवर पोचला नव्हता. आणखी एक आउट झाला की परफेक्ट गेम, जो बेसबॉलच्या सगळ्या इतिहासात जेमतेम वीस-पंचवीस जणांना साधलाय. सत्ताविसाव्या बॅटरने मारलेला चेंडू पहिल्या बेसवर आला, रनर अर्ध्या पावलाने मागे होता, आणि अंपायर जिम जॉइस यांनी हात फाकवून सेफ दिला. मॅनेजर जिम लेलँड बाहेर आले. खेळाडू ओरडले. सामना संपल्यावरही जॉइसभोवती लोक ओरडत राहिले, आणि ते उभे राहून ऐकत राहिले. मग आत जाऊन त्यांनी चित्रफीत पाहिली. रनर स्पष्ट आउट होता. त्यांनी गालारागाला बोलावून घेतलं, त्याला मिठी मारली, माफी मागितली आणि पत्रकारांसमोर येऊन आपण त्या मुलाचा परफेक्ट गेम घालवला असं सांगितलं. रडत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना होता आणि जॉइस प्लेटवर होते. सामन्याआधी संघाची यादी अंपायरला द्यायला एरवी मॅनेजर किंवा कोच जातो. लेलँडनी गालारागाला पाठवलं. जॉइसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी यादी घेतली, त्या पोराच्या खांद्यावर थोपटलं आणि खेळ सुरू झाला. अंपायरांसाठीच्या सूचनांमध्ये एक वाक्य आहे: अंपायरची प्रतिष्ठा महत्त्वाची आहे, पण 'बरोबर असणं' हे तिच्याहून महत्त्वाचं. मला वाटतं, आदल्या रात्री ओरडणाऱ्या माणसांचं जॉइसनी ऐकलं नसतं, हात झटकून आत निघून गेले असते, तर दुसऱ्या दिवशीची ती यादी त्यांच्या हातात तशी आली नसती. लेलँडचाही यात मोठा वाटा आहे. तक्रार कधी संपवायची हे त्यांना कळलं होतं.

उलट टोकाचं उदाहरण अलीकडचं. एप्रिल २०२४, यांकी स्टेडियम, सामन्याचे जेमतेम पाच चेंडू झालेले. मॅनेजर आरन बून यांना आधीच ताकीद मिळाली होती, ते गप्प उभे होते. डगआउटच्या वरच्या रांगेतून कोणी प्रेक्षक काहीतरी ओरडला. अंपायर हंटर वेंडलस्टेड यांनी बूनना बाहेर काढलं. मी बोललोच नाही, असं बून कळवळून सांगत होते, आणि कोण बोललं याच्याशी मला कर्तव्य नाही या अर्थाचं उत्तर मिळत होतं. ज्याचं ऐकायचंच नाही असं ठरलंय त्याच्याशी काय बोलणार? बून एरवी फार चिडतात, त्यांना बाहेर काढल्याचे प्रसंगही बरेच. पण त्या दिवशी चूक त्यांची नव्हती.

२०१४ पासून मेजर लीगमध्ये चित्रफीत पाहून निर्णय बदलायची व्यवस्था आली. मॅनेजर डगआउटच्या पायरीवरून हात वर करतो, त्याचा माणूस आत पडद्यावर बघतो, आणि आव्हान दिलं की अंपायर कानाला हेडफोन लावून न्यूयॉर्कच्या निकालाची वाट बघतात. पहिल्या बेसवरची जुनी भांडणं जवळजवळ संपली. जॉइसवर आली तशी वेळ आता कोणावर येणार नाही. उरलं होतं ते बॉल-स्ट्राइकचं भांडण. त्यालाही २०२६ च्या हंगामापासून वाट काढली आहे. पिचर, कॅचर किंवा बॅटर डोक्यावर टकटक करतो आणि कॅमेरे चेंडू झोनमध्ये होता की नाही ते सांगतात. संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शाबूत. मॅनेजरला यात हक्कच नाही, डगआउटमधून इशाराही चालत नाही. हे सगळं मला पटतं. पोराचा परफेक्ट गेम एका चुकलेल्या नजरेने जाऊ नये.

पण आमच्या गावच्या मैदानावर कॅमेरा नाही. तिथे तारेचं कुंपण आहे, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडलेला बाक आहे, आणि लहान वयोगटाच्या सामन्यांना बेसवर बहुतेक वेळा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी असते. त्यांना सामन्यामागे थोडे पैसे मिळतात, बहुतेकांची ती आयुष्यातली पहिली कमाई असते. कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा, आठवडाभर ऑफिस करून शनिवारी आलेले. सगळे अंपायरला 'ब्लू' म्हणतात, निळ्या शर्टामुळे. 'ब्लू, कम ऑन!' हे दिवसभर कानांवर पडत असतं.

गेल्या मोसमात तिसऱ्या बेसवर एका मुलीने रनरला आउट दिलं. निर्णय बरोबर होता, मी प्लेटवरून नीट पाहिला होता. कोच तिच्याकडे निघाले. उंच, धिप्पाड, आवाज मोठा. मी मास्क काढून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, 'कोच, प्रश्न काय आहे?' त्यांनी खूप काही सांगितलं, त्यात प्रश्न नव्हता. मी ऐकलं. दम घेतल्यावर पुन्हा विचारलं, 'प्रश्न काय आहे?' तेव्हा ते म्हणाले, तिला टॅग दिसला का? मी त्या मुलीकडे वळले. तिने तिच्या बारीक पण स्पष्ट आवाजात सांगितलं, टॅग गुडघ्याला लागला, पाय बेसच्या बाहेर होता. कोच क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मान हलवली आणि परत गेले. निर्णय त्यांना पटला की नाही, मला माहीत नाही. तिला स्वतःचा निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगता आला, यासाठी मी मध्ये उभी राहिले होते. तिची बाजू मीच मांडली असती, तर पुढच्या वेळी कोच तिच्याशी बोललेच नसते.

स्टँडमधल्यांशी अंपायरने बोलायचं नाही, हा वेगळा नियम आहे आणि तो पाळणं मला कोचला सांभाळण्याहून जड जातं, कारण आमच्या भागात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. प्लेटमागे उभी असताना पाठीमागून स्वच्छ मराठीत ऐकू येतं, 'वहिनी, अहो तो सेफ होता हो!' मी वळून बघत नाही. सामना झाल्यावर पार्किंगमध्ये ते गृहस्थ हमखास येतात आणि मग मी त्यांना सगळं समजावून सांगते, फोर्स आउट म्हणजे काय, तिथे टॅग का लागत नाही, सगळं. एकाने तर पुढे अंपायरच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. आता तो दर शनिवारी असतो, आणि स्टँडमधून त्याचा आवाज येणं साहजिकच बंद झालंय.

अंपायर मिळत आणि टिकत नाहीत, याचीच मला सध्या सर्वांत जास्त काळजी आहे. करोनाच्या आगेमागे तीनेक वर्षांत अमेरिकेतल्या शालेय खेळांमधून सुमारे ५०,००० पंचांनी काम सोडलं, असं त्या खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितलं. पैसे कमी, वेळ जास्त ही कारणं आहेतच, पण सोडणाऱ्यांशी बोललं की कोच आणि पालकांच्या वागण्यावर गाडी येतेच. आमच्याकडेही चांगली पोरं एक-दोन मोसम करून सोडून जातात. टीव्हीवरच्या मॅनेजरला समोर हॅलियन असतो. आपण ज्याच्यावर ओरडतोय त्याला अजून गाडी चालवायचा परवानाही मिळालेला नाही, हे शनिवारच्या कोचला त्या क्षणी दिसत नाही.

आमच्याच राज्यातल्या डेप्टफर्ड गावाच्या लिटल लीगने २०२३ मध्ये एक नियम केला. अंपायरला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी स्वतः तीन सामन्यांत अंपायर म्हणून उभं राहायचं, मगच त्याला पुन्हा मैदानावर यायला मिळेल. देशभर त्याची बातमी झाली. आमच्या लीगच्या पुढच्या बैठकीत तसाच नियम मी मांडणार आहे, थोडा बदलून. शिक्षा म्हणून नको. दर कोचने मोसम सुरू होण्याआधी सरावाच्या एका सामन्यात प्लेटमागे उभं राहावं, मास्क लावून, पूर्ण वेळ. आणि त्या दिवशी दोन्ही बाकांवरून त्याच्याकडे तक्रारी याव्यात, यासाठी मोठ्या मुलांना आधी सांगून ठेवायचं. दोन कोचशी मी याबद्दल बोलले आहे. एक लगेच तयार झाला. दुसऱ्याने विचारलं, तक्रार आली तर मी काय करायचं? मी त्याला जिममधल्या प्रशिक्षणाची तारीख दिली आहे.